खडकावरचं मीठ

त्या खडकावर मीठ मी ठेवलं होतं. हे वाक्य मी आजवर कुणापुढं बोललेलो नाही. बायकोपुढं नाही, मुलांपुढं नाही. दादा शेवटच्या दुखण्यात अंथरुणावर होते, मी त्यांच्या उशाशी दिवसदिवस बसून होतो, तेव्हाही नाही. आता लिहायला बसलो तर हात आधी दुसरीकडंच वळत होता; घराबद्दल लिहावं, आईच्या भाकरीबद्दल लिहावं, रानाबद्दल लिहावं. ते सगळं लिहीनच. पण हे एवढं दडपून ते लिहिलं तर त्यातलं काहीच खरं उतरणार नाही, म्हणून आधी सांगून टाकलं. सांगितलं म्हणून भीती गेली असं मात्र नाही. अजूनही संध्याकाळी एखाद्या गल्लीत बाई शेळ्यांना हाका मारायला लागली की मी जवळच्या दुकानात शिरून उगाच कशाचा तरी भाव विचारत उभा राहतो.

दादा म्हणजे माझे वडील. बालाघाटाच्या डोंगरातल्या राखीव रानाचे ते गार्ड होते. निजामाच्या अमलात ते चाकरीला लागले तेव्हा त्या खात्याला ‘जंगलात’ म्हणायचे, आणि गावातली जुनी माणसं विलीनीकरणानंतरही ‘जंगलातवाले’ म्हणूनच आमचं घर ओळखायची. घाटाच्या पायथ्याशी सरकारी चौकी होती, दोन खोल्या, दगडी भिंती, वर पत्रा. पुढं ओटा, ओट्याला लागून आईनं लावलेली अंबाडी आणि दोडक्याचा वेल. गाव तिथून बरंच लांब. दिवसा खालून लहान रुळाची आगगाडी घाट चढताना धापा टाकायची आणि तिची शिट्टी ऐकून आई तव्यावर भाकरी टाकायची. जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, करडईचं तेल, आणि दसऱ्याच्या सुमाराला ओल्या भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा. दिवेलागण झाली की आई दार लावून आडणा घालायची. मग रान आमचं उरायचं नाही. मोर झाडावर बसताना ओरडायचे, वानरं खाकरायची, मधूनच लांबवर तरस असं काही ओरडायचं की माणूस हसतंय का रडतंय कळू नये. दादा शांतपणे चिलीम ओढत सांगायचे, “त्ये पुढच्या नाल्यात हाय. आपल्याकडं न्हाय येत.” मी हूं म्हणायचो. पण मी रानातला मुलगा असून रानाला भ्यायचो, हे दादांना ठाऊक नव्हतं. मॅट्रिकला नापास झालो होतो, दादांच्या हाताखाली वावरत होतो. त्यात भित्राही आहे हे कळलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

दसरा झाला की आमच्या रानात माणसं यायला लागायची. पाऊस उघडलेला, ओढ्याला अजून पाणी, कुसळी गवत सोन्यासारखं पिवळं झालेलं, आणि उतारावर सगळीकडं सीताफळं. सुटीच्या दिवशी त्या छोट्या गाडीनं मंडळी उतरायची; तुळजापूरला जाऊन आलेली कुटुंबं, शाळांची पोरं, कचेरीतले कारकून, डबे घेऊन. पोरं दरीच्या तोंडाशी उभी राहून आपापली नावं ओरडायची आणि परत येणारा आवाज ऐकून खिदळायची. बायका मोरपिसं वेचायच्या. पुरुषांची धोतरं कुसळांनी भरून जायची आणि ते ओढ्याकाठी बसून एकेक कुसळ उपटत गप्पा मारायचे. आभाळातून करकोच्यांच्या लांब ओळी ओरडत दक्षिणेकडं जायच्या तेव्हा सगळेच माना वर करून गप्प व्हायचे. एकदा एक मास्तर दादांना म्हणाले, “काय हो गार्ड, तुमच्या मोरांना शेपट्याच नाहीत की! आम्ही पोरांना काय दाखवायचं?” दादा म्हणाले, “मास्तर, आता त्यांनी उतरून ठिवल्यात. पावसाळ्यात या, घालून बसलेले दावतो.” पोरं किती वेळ हसत होती.

त्या मोसमात आमच्याकडं रोज येणारं माणूस म्हणजे मैमूनाबी. पायथ्याच्या वाडीत त्या राहायच्या. नवरा वारलेला, पदरात हलीमा नावाची दहा-बारा वर्षांची मुलगी आणि पाच-सहा शेळ्या. वाडीतल्या बायकांना सीताफळं उतरवायचा परवाना असायचा. दिवसभर त्या उतारावर फळं तोडायच्या आणि संध्याकाळच्या आत टोपल्या घेऊन खाली यायच्या. शेळ्यांना मात्र राखीव रानात बंदी. हद्दीवर चुना लावलेले दगड होते, त्यांच्या बाहेर हलीमा शेळ्या चारायची. मैमूनाबी येता-जाता आमच्या ओट्यावर टेकायच्या. मी त्यांना खाला म्हणायचो. आईला त्या भाभी म्हणायच्या. डोळे उघडलेली, हाताला मऊ लागणारी सीताफळं निवडून आईपुढं ठेवायच्या आणि मला म्हणायच्या, “दिगू बेटा, खा. नापास झालेल्याला सीताफळ गोडच लागतं, पास झालेल्याला बी गोडच लागतं.” घरादारात माझ्या नापास होण्याबद्दल हसून बोलणारं तेवढं एकच माणूस होतं.

आता मिठाचं सांगतो. वर पठारावर एका खोलगट दगडात दादा खड्याचं मीठ चिकणमातीत कालवून थापून ठेवायचे. हरणं, चिंकारे, ससे ते चाटायला यायचे. हे चाटण दादांच्या आधीच्या गार्डानंही तिथंच ठेवलेलं होतं. दादा म्हणायचे, “मिठाची जागा माणसाच्या वाटंपासून लांब पायजे.” का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मला वाटायचं, हरणं लाजरी असतात म्हणून.

त्या साली जंगल खात्याचे नवे साहेब आले होते. पुण्याकडचे, तरुण, बोलायला तडफदार. जुन्या संस्थानातल्या नोकरांपैकी कुणाला ठेवायचं, कुणाला नाही, हे तेव्हा ठरत होतं आणि दादांना उर्दू लिहिता यायची पण मराठी लिहिताना घाम फुटायचा. त्यांच्या वतीनं मीच लिहायचो. साहेब एकदा चौकीवर आले, ओट्यावर उभ्या-उभ्याच म्हणाले, “गार्ड, तुमच्या रानात जनावरं आहेत की नुसती बोलण्यात?”

“हाईत साहेब. वर पठारावर चाटणापाशी चला, आत्ता दावतो.”

“मला दाखवून काय उपयोग? दिवाळीत घरची मंडळी येणार आहेत. माझी आई पठार चढणार आहे का? खाली, त्या शिकारीच्या आडोशापाशी काय दिसतं?”

“खाली माणसाचा वावर हाय साहेब. तिथं न्हाय येत जनावर.”

साहेब हसले. म्हणाले, “लोक इतक्या लांबून येतात, त्यांना काही दिसायला नको? वर मला लिहायचं आहे तुमच्याबद्दल. काय लिहू, ते तुम्हीच सांगा.”

ते गेल्यावर दादा किती तरी वेळ टोपी हातात घेऊन बसले होते. आईनं भाकरी वाढली ती त्यांनी तशीच सारली. आई म्हणाली, “काढलं तर काढलं. हात-पाय हाईत की.” दादा म्हणाले, “हात-पाय हाईत, पर जाग्यावरून उठायचं कुठं?” मी दादांना भ्यालेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. रानात ते कशालाच भ्यायचे नाहीत, त्यामुळं ते मला सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, दादा घाटापलीकडं गेले असताना, मी पठारावरच्या दगडातलं अर्धं मीठ खुरप्यानं उकरलं, पाटीत घालून खाली आणलं आणि आडोशासमोरच्या एका पसरट खडकावर थापलं. शिकारीचा तो आडोसा म्हणजे छातीएवढी दगडी भिंत होती. समोर तो खडक, त्याच्या मागं गवत, आणि थोड्याच अंतरावर हद्दीचे चुन्याचे दगड. त्या दगडांच्या पलीकडून वाडीची पायवाट जात होती. हरणाला मिठाचा वास लागतो हे मला माहीत होतं. शेळीलाही लागतो, हे तर वाडीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, मलाही होतं. पण माझ्या डोक्यात तेव्हा साहेब होते, साहेबांच्या आई होत्या, दादांची टोपी होती. शेळ्या नव्हत्या.

हरणं आली. काही दिवसांतच खडकाभोवती खुरांचे ठसे उमटले आणि मी हरखून गेलो. मग एका सकाळी त्या खुरांच्या बाजूला, ओढ्याच्या ओल्या वाळूत, मला एक पाऊल दिसलं. गोल, मोठं, नखं न उमटलेलं. बिबट्याचं. मी त्याच्यावर उभा राहून ते चपलेनं पुसलं. का पुसलं? दादांना दाखवलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, बिबट्या इकडं कशापायी आला. घरी आलो तर दादा आईला सांगत होते, “वरचं चाटण कुणी तरी उकरून नेलंय. हरणं बी दिसंनात.” मी खाली मान घालून शेंगा सोलत राहिलो. तेव्हापासून दर संध्याकाळी मी ओट्यावर बसून वाडीकडच्या बायका उतरल्या का ते बघायचो. त्या दिसल्या की आत जायचो. उद्या मीठ काढून टाकू, असं रोज ठरवायचो, आणि दिवाळी जवळ आली म्हणून रोज पुढं ढकलायचो.

साहेब आले, सोबत आई, बायको आणि लहान मुलगा. बैलगाडीनं त्यांना ओढ्यापर्यंत आणलं. बैल बुजू नयेत म्हणून दादांना साहेबांनी गाडीपाशीच थांबवलं आणि मला सोबत घेतलं; आडोशापाशी हरणं येतात हे वाटेत मीच त्यांना सांगितलं होतं. “तुमच्या पोराला बरीच माहिती दिसते,” असं ते दादांना म्हणाले, आणि दादांनी माझ्याकडं अशा काही कौतुकानं पाहिलं की ती नजर मला आजही नको वाटते. उन्हं कलली होती. आम्ही भिंतीआड बसलो. थोड्या वेळानं चिंकारे आले, एक नर, दोन माद्या. खडक चाटायला लागले. साहेबांच्या आईंनी आनंदानं माझा दंड धरला. मुलानं तोंडावर हात ठेवला होता. मला वाटलं, झालं, जमलं, उद्या सकाळी मीठ काढतो.

तेवढ्यात वरच्या झाडावर वानर खाकरलं. एकदा, मग पुन्हा, मग घाईघाईनं. नर चिंकारा ताठ झाला, नाकातून फुसकारला, पाय आपटला आणि तिघंही उधळले. “अगंबाई, पळाली! का पळाली?” साहेबांच्या बायकोनं विचारलं. साहेबांनी ओठावर बोट ठेवलं. वानर का खाकरतं ते मला ठाऊक होतं. आणि तेव्हाच पायवाटेकडून घुंगरं वाजली. शेळ्या हद्दीचे दगड ओलांडून आत आल्या, चालत नाही, पळत, आणि सरळ खडकाला भिडल्या. एकमेकींना शिंगांनी ढकलत चाटायला लागल्या. मागून खालांचा आवाज आला. हलीमाला ताप होता, म्हणून त्या दिवशी डोक्यावर टोपली आणि मागं शेळ्या असं दोन्ही त्यांच्याकडंच होतं, हे मला नंतर कळलं. “हुर्रर्र हाऽऽ! अगे लाली, कुटं मरायला चाललीस गे! चल, पलट!”

साहेब चरफडले. हळू आवाजात म्हणाले, “कोण आहे ही बाई? सगळं घालवलं. गप्प बस तू, जाऊ दे तिला.”

मी ओरडायला पाहिजे होतं. खाला, मागं फिरा, एवढंच. पण ओरडलो असतो तर साहेबांनी विचारलं असतं, तुला कसं ठाऊक. मग विचारलं असतं, शेळ्या याच खडकावर का आल्या. मी गप्प बसलो. साहेबांनी सांगितलं म्हणून बसलो असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं. ते खोटं आहे.

खालांनी टोपली खाली ठेवली, हद्दीच्या आत आल्या, आणि लालीच्या गळ्यातल्या दोरीला हात घातला. गवत हललं. बिबट्या शेळीवरच आला होता, पण त्यांनी दोरी सोडली नाही. त्या शेळीला आपल्याकडं ओढत होत्या आणि ओरडत होत्या, आणि त्यानं पंजा टाकला तो त्यांच्या खांद्यावर आणि गालावर. साहेबांच्या घरची सगळी किंचाळायला लागली. दादा कुऱ्हाड घेऊन ओढ्याकडून धावत आले, “हाऽऽ, हाऽऽ” करत थेट अंगावर गेले, तेव्हा तो शेळी टाकून गेला. मी भिंतीआडच होतो.

दादा खालांना बैलगाडीत घालून स्टेशनावर आणि तिथून दवाखान्यात घेऊन गेले. आईनं मला आत ओढून आडणा घातला. सकाळी उजाडल्याबरोबर मी घमेलं आणि खुरपं घेऊन त्या खडकावर गेलो. सगळं गवत लवलेलं होतं, त्यावर रक्त वाळलेलं. तो जवळपास असेल या भीतीनं मी घडोघडी उभा राहून मागं बघत होतो, आणि तरी काम सोडत नव्हतो. मीठमाती खरवडली, ओढ्याचं पाणी ओतलं, पाल्यानं घासलं, पुन्हा पाणी ओतलं. कुसळांनी हात फाटले होते, त्यांत मीठ जाऊन आग होत होती. खडक कोरा झाला तेव्हाच घरी आलो.

खाला वाचल्या. उजवा हात मात्र खांद्यापासून लुळा पडला, आणि गालावर ओढल्यासारखे व्रण राहिले. त्या परत आल्यावर साहेबांनी चावडीत चौकशी लावली. शेळ्या राखीव हद्दीत कशा गेल्या, एवढाच प्रश्न होता. खाला म्हणाल्या, “साहेब, माझ्या शेळ्या दगडाच्या आत कदी जात न्हाईत. पोर चारती, कुणाला बी पुसा. त्या दिवशी कशा गेल्या ते अल्लालाच ठाऊक. त्या खडकावर कायतरी होतं. चाटत होत्या त्या.”

साहेबांनी दादांना विचारलं. दादा जाऊन बघून आले होते. म्हणाले, “खडकावर तर काय न्हाय साहेब.” मग ते माझ्याकडं वळले. “दिगू, तू तिथं होतास. काय होतं का रं खडकावर?”

“न्हाय,” मी म्हणालो.

खाला माझ्याकडं बघत होत्या. एक डोळा सुजून मिटलेला होता, दुसऱ्या डोळ्यानं. “बेटा, नीट याद कर. मी आत हाकल्या न्हाईत, एवढं तरी दिसलं असंल तुला.”

“मला दिसलं न्हाय, खाला.”

चोरून चराई केली, असं ठरलं. त्यांना रानात पाय ठेवायला बंदी झाली, आणि वाडीतल्या सगळ्याच बायकांचा सीताफळांचा परवाना बंद झाला. मग त्या बायकाच खालांना बोलायला लागल्या. “तुझ्या शेळ्यापायी आमच्या पोटावर पाय आला,” असं एक जण विहिरीवर त्यांच्या तोंडावर म्हणाली, तेव्हा आई पाणी भरायला गेलेली होती. घरी येऊन आई रडली. म्हणाली, “मैमूनाबी अशी न्हाय रं. तिनं आत न्हाय हाकल्या. मला म्हाईत हाय.” मी ताटावरून उठलो. थोड्याच दिवसांत खाला हलीमाला घेऊन उमरग्याला भावाकडं राहायला गेल्या. जाताना आमच्या ओट्यावर आल्या नाहीत.

दादा नोकरीत कायम झाले. साहेबांनी त्यांच्याबद्दल चांगलं लिहिलं, अंगावर जाऊन बाईला वाचवलं म्हणून. ते खरंच होतं. त्या पगारावर मी पुन्हा मॅट्रिकला बसलो, पास झालो, पुढं शिकलो. पेढे वाटताना दादांनी मला जवळ घेतलं. ते मीठ कुणी नेलं, हे त्यांनी नंतर कधीच विचारलं नाही. त्यांना कळलं होतं का, हे मला आता कुणाला विचारता येणार नाही. चावडीत ‘न्हाय’ म्हणालो तेव्हा त्यांची नजर माझ्या हातांवर होती, एवढं मला आठवतं.

उमरग्याला मी एकदा गेलो होतो. कामासाठी म्हणून घरी सांगितलं होतं, काम काहीच नव्हतं. हायवेवर ट्रकांची रांग होती. एका पानवाल्यानं हलीमाचं घर दाखवलं. दारात एक म्हातारी बाई डाव्या हातानं गहू निवडत बसली होती. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. पाय घरापर्यंत गेले. तिनं मान वर केली आणि विचारलं, “कौन पायजे, बाबा?” मी म्हणालो, चुकलो, पुढचं घर. आणि परतीच्या बसमध्ये बसलो.

मैमूनाखाला अजून आहेत. त्यांनी शेळ्या आत हाकल्या नव्हत्या, हे मला त्यांच्यासमोर, हलीमासमोर, आणि त्या वाडीतल्या ज्या बायका अजून जिवंत आहेत त्यांच्यासमोर, माझ्या तोंडानं सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.